शाळेच्या जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरलाय, पण १९८३ च्या मुलींची नावं कुठून आणायची?

मैदानकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात माझ्या हायस्कुलातून फोन आला. सांगली जिल्ह्यातलं मध्यम आकाराचं गाव आहे. १५ जानेवारीला, म्हणजे राज्य क्रीडा दिनी, शाळा माजी खेळाडूंचा सत्कार करणार आहे. आताचे क्रीडाशिक्षक तरुण आहेत, तळमळीचे आहेत. त्यांनी यादी वाचून दाखवली. कबड्डीचे सात जण, कुस्तीचे तिघं, एक भालाफेकवाला, एक पोलीस दलात जाऊन धावलेला. मी विचारलं, "सर, मुलींच्या खो-खोचं काय?" ते जरा थांबून म्हणाले, "ताई, मुलींची टीम होती का आपली?"

होती. १९८३ साली आमचा संघ जिल्हा जिंकून, विभाग जिंकून राज्य शालेय स्पर्धेला गेला होता. त्याआधी शाळेचा एकही संघ, मुलांचाही, विभागाच्या पुढे गेला नव्हता. राज्याला उपांत्य फेरीत हरलो. मी नववीत होते, संघात सगळ्यात लहान, पहिल्या तुकडीत धावायचे.

विभागाचा अंतिम सामना मला अजून दिसतो. आमची कर्णधार शेवटच्या तुकडीत एकटी उरली होती. अंगठ्याचं नख उखडलेलं, फक्कीच्या रेषेवर रक्ताचे ठिपके पडत होते, आणि ती एकेरी साखळी धरून, म्हणजे बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळत, या खुंटापासून त्या खुंटापर्यंत जात-येत होती. दोन मिनिटं वीस सेकंद टिकली. बाई हातात घड्याळ धरून मोठ्यानं सेकंद मोजत होत्या, मोजता मोजता त्यांचा आवाज बसला. सामना संपल्यावर तिनं पाय हौदात बुडवला आणि पहिलं काय बोलली असेल, तर "घरी सांगू नका गं, परत पाठवणार नाहीत." दहावीची परीक्षा झाली आणि त्याच मे महिन्यात तिचं लग्न लागलं. सासरी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं. आता तिला शोधायचं म्हटलं तर कुठल्या नावानं शोधू?

बाराजणींपैकी माझा संपर्क फक्त दोघींशी आहे. आमच्या बाई कधीच गेल्या. शाळेत फोटो नाही, अहवाल नाही. कार्यालयातल्या कपाटावर जुन्या ढाली उभ्या आहेत, पण पट्ट्या इतक्या काळ्या पडल्यात की एक अक्षर लागत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बाकीच्या नऊजणींना शोधायचं कसं? आणि सत्कार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? शाल-श्रीफळ मानाचं असतं, ते द्यावंच. पण माझ्या मनात असं आहे की नाव, खेळ, वर्ष आणि निकाल एवढं शाळेच्या भिंतीवर लिहिलं गेलं पाहिजे, म्हणजे चाळीस वर्षांनी कुणी विचारणार नाही की टीम होती का.

---

घाटमाथा

धागा वाचून गलबललो. माझी मोठी बहीण लंगडी आणि खो-खो दोन्ही खेळायची. तिची प्रमाणपत्रं आईनं पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवली होती, गाद्या भरताना पेटीच कुणाला तरी देऊन टाकली. तुम्ही हे करताय ते फार मोलाचं आहे. वाचतोय.

---

शिट्टी_आणि_फक्की

ताई, मी चौतीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. नावं सापडतील, धीर सोडू नका.

शालेय स्पर्धेला संघ पाठवताना प्रत्येक खेळाडूचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जनरल रजिस्टरचा नंबर अर्जावर भरावा लागतो, खाली मुख्याध्यापकांची सही. वयोगटाचा प्रश्न असल्यामुळे यात कुणी हयगय करत नसे. त्याची कार्बन प्रत शाळेच्या फायलीत राहायची. ती फाईल वाळवीनं खाल्ली असेल तर हिशेबाकडे वळा. संघ बाहेरगावी गेला की एसटीचं भाडं आणि जेवणाचा खर्च शाळेच्या क्रीडा निधीतून पडायचा, आणि पैसे मिळाल्याबद्दल मुलांच्या सह्या घ्यायचे. खेळाच्या फायली लोक रद्दीत घालतात, हिशेबाची पुडकी मात्र तपासणीच्या भीतीनं जपून ठेवतात. १९८३-८४ चं पुडकं मागा. एकदा नाव हाती आलं की जनरल रजिस्टरवरून वडिलांचं नाव आणि गाव कळेल.

तिथून पुढे माहेर धरून शोधा. भाऊ, भावजय, नाहीतर शेजारी, कुणीतरी गावात असतंच. गावची यात्रा कधी असते? यात्रेला माहेरवाशिणी येतात. देवळापाशी दोन तास बसलात तर चार नावं तरी लागतील.

ढालीच्या पट्ट्यांना पॉलिश लावू नका, कोरलेली अक्षरं बुजतात. चिंच कोमट पाण्यात कोळून घ्या, फडक्यानं हलक्या हातानं चोळा, नंतर कोरड्या रांगोळीची बोटं फिरवा. खाचेत पांढरी रांगोळी राहते आणि अक्षर उठून दिसतं.

आज या नोंदी जपल्या जातात, कारण २००५ पासून सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. तुमच्या वेळी त्या कागदाचा मुलींना काही उपयोग होईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मीसुद्धा त्या काळात किती संघ नेले, पण माझ्याकडे स्वतःची अशी एक वही नाही. याचं आता वाईट वाटतं.

---

कृष्णा_कोयना

१५ जानेवारी हा दिवस निवडला हे फार छान केलं. कुस्तीगीर खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. १९२६ साली कराडजवळ गोळेश्वरला जन्म, कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. आमच्या भागात खाशाबांची गोष्ट सांगायची तर हेलसिंकीपासून सुरुवात होत नाही, वर्गणीपासून होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. तिथे फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ ला परत पैशांची अडचण. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं. गावकऱ्यांनी जमेल तसे पैसे घातले. आणि हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

परत आले तेव्हा कराड स्टेशनवर शंभरावर बैलगाड्या आल्या होत्या. ढोल, हलगी, गुलाल. पंधरा मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले. असा सत्कार आमच्या तालुक्यानं आजवर दुसऱ्या कुणाचा केला नाही.

पुढचं मात्र लिहायला जड जातं. १९५५ ला पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, १९८३ ला निवृत्त झाले, १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये मशाल घेऊन धावण्याचा मान मिळाला होता, तेवढाच. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला नाव २०१० मध्ये. गाव सात तास नाचलं आणि पुढच्या तीस वर्षांत देशाला त्यांची आठवण झाली नाही. म्हणून ताई, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. मिरवणूक काढा, हौसेनं काढा. पण त्याच दिवशी भिंतीवरही लिहा.

---

आझाद_मैदान_नं_१४

माझा मुद्दा थोडा वेगळ्या बाजूनं. शालेय खेळातलं कुणाला काय आठवतं ते बघा. फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्ड, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, तिसऱ्या विकेटसाठी अभेद्य ६६४. आज पाचवीतलं पोरही हे सांगेल. दोघं पुढे मोठे झाले हे खरं, पण त्याहून आधी ते आकडे कुणीतरी चेंडू-चेंडू करत स्कोअरबुकात लिहिले होते. क्रिकेटला स्कोअरर असतो, म्हणून प्रणव धनावडेच्या नाबाद १००९ धावा आपल्याला माहीत आहेत. जानेवारी २०१६, कल्याण, आंतरशालेय सामना, मुलाचे वडील रिक्षाचालक.

प्रणवनं मोडलेला विक्रम ११६ वर्षं जुना होता, तोही एका शाळकरी मुलाचाच. ए. ई. जे. कॉलिन्स, नाबाद ६२८, जून १८९९, इंग्लंडमधलं क्लिफ्टन कॉलेज. हा मुलगा जन्मला आपल्याकडे, हजारीबागला. वय १३. शाळेतल्याच दोन हाउसमधला सामना, चार दुपारी मिळून ही खेळी झाली. पुढे तो सैन्यात गेला आणि १९१४ मध्ये ईप्रच्या लढाईत मारला गेला. मोठा क्रिकेटपटू झालाच नाही. पण ज्या तुकड्यावर तो खेळला त्याला शाळेनं त्याचं नाव दिलं आणि भिंतीवर पाटी लावली: नाव, धावा, महिना, साल. 'मोठा झाला की बघू' असं त्या शाळेनं म्हटलं नाही. त्या दुपारी जे घडलं ते लिहून ठेवलं.

तुमच्या कर्णधाराची दोन मिनिटं वीस सेकंद तशीच आहेत. खो-खोचंही गुणपत्रक असतं, प्रत्येकीची संरक्षणाची वेळ त्यात मांडतात. तो कागद गेला असला तरी तुम्हाला आकडा पाठ आहे. तो फलकावर टाका. नुसतं 'उत्कृष्ट खेळाडू' लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

---

मैदानकाठ

सगळ्यांचे आभार. @आझाद_मैदान_नं_१४, आकडा टाकायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नक्की टाकणार.

@शिट्टी_आणि_फक्की सर, काल चिंचेचा प्रयोग केला. मी, तरुण सर आणि शिपाईकाका असे तिघं व्हरांड्यात पोतं अंथरून बसलो होतो. पहिल्या दोन ढालींवर कबड्डी निघाली. तिसरीवर रांगोळी फिरवल्यावर आधी 'खो' दिसलं, मग 'मुली', मग '८३-८४'. सर एकदम उठून उभे राहिले. मला काही सुचेना, मी पट्टी तशीच चोळत राहिले. शिपाईकाकांनी हात धरला, "ताई, बास, झिजंल ती."

---

रोकडा_सवाल

सगळे भावनेनं लिहितायत, मी वेगळं बोलतो, राग मानू नका. मी स्वतः एका शाळेच्या समितीवर आहे. असा कार्यक्रम म्हणजे मंडप, ध्वनिक्षेपक, हार, शाली, जेवण. पन्नास-साठ हजार सहज जातात. त्याच शाळेच्या मुली आज खडीच्या मैदानावर गुडघे फोडून घेतायत. पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना पाटी लावण्यापेक्षा आजच्या मुलींसाठी दोन ट्रॉल्या लाल माती टाका. जुन्यांनाही त्यातच जास्त आनंद होईल.

---

हरसूल_रस्ता

@रोकडा_सवाल दादा, तुमची काळजी रास्त आहे, पण दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. मी नाशिक जिल्ह्यात आश्रमशाळेत शिकवते. आमच्याकडे कविता राऊतचं नाव माहीत नाही असं एक मूल सापडणार नाही. सावरपाड्याची मुलगी, डोक्यावर पाणी वाहणारी, अनवाणी धावणारी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, २०१२ ला अर्जुन पुरस्कार. मी वर्गात फळ्यावर मुलींना विचारते, कुणाला काय व्हायचंय? आधी सगळ्या 'नर्स', 'बाई' असं सांगायच्या. आता चार-पाच हात 'धावायचंय' म्हणून वर होतात. माती हवीच, बूट हवेतच. पण त्या मातीवर उतरायला घरातून सोडतील का, हे ठरतं ते आईबापांच्या डोळ्यांपुढे गावातलीच एखादी बाई असते त्यावर.

---

तुळजाई

+१ हरसूल_रस्ता.

खो-खोबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या धाराशिवची सारिका काळे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं, २०२० ला अर्जुन मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्हीकडे भारत जिंकला. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. महिलांच्या अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध ७८-४० असा गुणफलक होता. मी आईबरोबर टीव्हीवर बघत होते. आई शाळेत खेळलेली. ती सारखी म्हणत होती, "आमच्या वेळी हे असतं तर." १९८३ च्या मुलींना बोलावताना त्यांच्या मुलींना, सुनांनाही बोलवा. त्यांना हे माहीतच नसतं.

---

ओहायोतला_पुणेकर

इथला अनुभव सांगतो, काही घेता आलं तर घ्या. क्लीव्हलँडच्या जवळ राहतो. मुलगी शाळेत पोहते. तलावाच्या भिंतीवर मोठा फलक आहे: शर्यत, नाव, वेळ, साल. अक्षरं सरकवून बदलता येतात. कुणी विक्रम मोडला की जुनं नाव उतरतं, नवं चढतं. एका शर्यतीसमोर १९८७ सालच्या मुलीचं नाव अजून आहे. माझी मुलगी तिला ओळखत नाही, पण रोज पाण्यात उतरण्याआधी तिच्या वेळेकडे बघते. त्या बाईंचा याहून मोठा सत्कार मला सुचत नाही.

दुसरं म्हणजे इथे बऱ्याच शाळांत जुन्या खेळाडूंचा गौरव चालू सामन्याच्या मध्यंतरात करतात. वेगळा मंडप नाही, वेगळी गर्दी जमवायला लागत नाही. आजची पोरं खेळून घामाघूम उभी असतात आणि तीच टाळ्या वाजवतात. @रोकडा_सवाल यांचा खर्चाचा मुद्दा त्यातून सुटेल.

आणि एक झाड. जेसी ओवेन्स क्लीव्हलँडच्या ईस्ट टेक्निकल हायस्कूलचा. १९३३ मध्ये शाळेत असतानाच त्यानं १०० यार्ड ९.४ सेकंदांत धावून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्यांना पदकाबरोबर ओकचं रोप देत. त्यानं चार सुवर्णं जिंकली. त्यातलं एक रोप इथल्या ऱ्होड्स हायस्कूलच्या आवारात लावलं, तिथे तो सराव करायचा. इथे राहायला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी मुलीला घेऊन ते बघायला गेलो होतो. तुमच्या मैदानाच्या कडेला बारा झाडं लावता आली तर बघा. कडुनिंब लावा, सावली लवकर धरतो.

---

ऊसपट्टा

एक विनंती. आमच्या गावात असाच सत्कार झाला होता. शेजारचे एक काका, एकेकाळी कबड्डीतला जिल्ह्यात नावाजलेला चढाईपटू, आता मजुरी करतात. निमंत्रणपत्रिका आली तेव्हा काकू आमच्याकडे इस्त्रीचा शर्ट मागायला आल्या. काका गेले. दुपारी दोनपासून पाहुण्यांची भाषणं चालली, खेळाडूंच्या खुर्च्या उन्हात. पाचला नाव पुकारलं तेव्हा काका तिथे नव्हते, पाणी प्यायला म्हणून उठले ते सरळ घरी आले. शाल दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती पाठवली. त्यांनी ती अजून घडी मोडून पाहिलेली नाही.

म्हणून सांगतो ताई, खेळाडू सावलीत आणि पुढच्या रांगेत बसवा. आधी त्यांचं, मग भाषणं. ज्यांचा रोज बुडतो त्यांना गाडी पाठवा आणि बुडालेला रोज पाकिटात घालून द्या, कुणाला दिसणार नाही असा. घरी जाऊन, पाट मांडायला न लावता, तोंडी निमंत्रण द्या. छापील पत्रिकेनं माणूस घाबरतो.

---

शिट्टी_आणि_फक्की

ऊसपट्टा, तुम्ही लिहिलंत ते मी एकदा छापून आमच्या संस्थेत वाचून दाखवणार आहे. परवानगी असावी.

---

मैदानकाठ

महिनाभरानं लिहितेय, माफ करा. बरंच काही घडलं.

हिशेबाचं पुडकं सापडलं. सर, तुम्ही म्हणालात तसंच. 'खो-खो मुली, विभागीय स्पर्धा, जेवणखर्च प्रत्येकी चार रुपये' आणि खाली बारा सह्या. माझीही. नववीतली सही, 'ळ' ला उगाच लांब शेपटी काढलेली. शेवटची सही कर्णधाराची, दोन-दोन वेळा गिरवलेली.

बारांपैकी दहाजणी लागल्या. आम्ही तिघी होतोच, चार माहेरच्या पत्त्यावरून. एक यात्रेत भेटली, बांगड्या भरत बसली होती. मी पाठमोरीच ओळखली, ती अजून डाव्या पायावर जास्त भार टाकून बसते. एक नाही राहिली, सहा वर्षांपूर्वी गेली, तिचा मुलगा येतो म्हणाला. आणि कर्णधार सापडली. सोलापूर जिल्ह्यात आहे, द्राक्षबाग सांभाळते.

नावाचा प्रश्न आला. फलकावर माहेरचं लिहायचं की सासरचं? मला वाटत होतं, माहेरचं. तरुण सरांचं म्हणणं, लोकांनी ओळखायला आताचं हवं. मी प्रत्येकीला फोन केला. कर्णधार लगेच म्हणाली, "त्या सहीत आहे तेच घाल. त्या नावाची मुलगी पळत होती." दुसरी एक म्हणाली, "माझं सासरचंच लिही. माझ्या नवऱ्यानं मला लग्नानंतरही दोन वर्षं तालुक्याला खेळू दिलं, सासूशी भांडून." त्यामुळे जिला जे हवं ते घालतोय. वर खेळताना होतं ते नाव सगळ्यांचं सारख्या अक्षरात, आणि जिची इच्छा तिचं आताचं नाव खालच्या ओळीत.

@रोकडा_सवाल, मंडप रद्द केला. शाळेच्या मुलींचा सामना ठेवलाय आणि मध्यंतरात सत्कार. वाचलेल्या पैशांत लाल मातीच्या तीन ट्रॉल्या येतायत, खुंटही नवे सागवानी.

---

रोकडा_सवाल

ताई, माझ्याकडून एक ट्रॉली धरा. विपू (विचारपुशीत निरोप) केली आहे.

---

कृष्णा_कोयना

फलकाचा मजकूर इथे टाका ना, कुणाला शुद्धलेखन बघता येईल.

---

मैदानकाठ

कार्यक्रम झाला. रात्रीचे अकरा वाजलेत, झोप येत नाही म्हणून लिहायला बसले.

फलक कडाप्प्याच्या दगडावर कोरून घेतलाय, ऑफिसच्या दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर. वरच्या ओळीत 'खो-खो, मुली, १९८३-८४. विभागीय विजेतेपद. राज्य शालेय स्पर्धा, उपांत्य फेरी.' खाली बारा नावं, मग बाईंचं नाव, 'मार्गदर्शक' म्हणून. कर्णधाराच्या नावापुढे 'विभागीय अंतिम सामन्यात संरक्षण २ मि. २० सें.' दगडाचा खालचा अर्धा भाग मोकळा सोडलाय, सरांनीच सुचवलं.

मध्यंतरात आम्ही नऊजणी मैदानात गेलो. गेलेल्या मैत्रिणीचा मुलगा तिच्या पाटीवर, म्हणजे खेळताना बसायच्या चौकोनात, जाऊन बसला, तिची जागा कुठली ते मी दाखवलं. गुडघ्यांमुळे चौघींना उकिडवं बसता येईना, तिथे आजच्या मुली बसल्या. कर्णधार नऊवारीचा काष्टा घालून आली होती. पळणार नाही असं ठरलं होतं. पण सातव्या पाटीवरच्या मुलीनं तिच्याकडे बघून पाठ ताठ केली, आणि हिनं तिच्या पाठीवर थाप मारून असा 'खो' दिला की आवाज कुंपणापर्यंत गेला. ती पोरगी सुटली. समोर कुणी धावक नव्हता तरी खुंटापर्यंत जाऊन सूर मारून आली.

नंतर त्या मुलीनं तिला विचारलं, "आजी, २ मिनिटं २० सेकंद खरंच? माझं १:५० आहे." दोघी अर्धा तास कट्ट्यावर बसून साखळीत वळताना खांदा कसा आत घ्यायचा ते बोलत होत्या. जेवायला तीनदा बोलावलं तेव्हा उठल्या.

दोघींचा पत्ता अजून लागलेला नाही. फलकावर नावं आहेत, पण त्यांना ते माहीत नाही. दोघी बहिणी होत्या. वडील साखर कारखान्यात नोकरीला होते, १९८५ च्या सुमारास बदली होऊन मराठवाड्यात गेले असं शेजारी सांगतात. धाकटी डावखुरी, कपाळावर डाव्या बाजूला खोक पडल्याची खूण. तुमच्या ओळखीत आई, मावशी, काकू, सासू कुणी सांगली जिल्ह्यात शिकलेली आणि १९८३ ला शाळेकडून खो-खो खेळलेली असेल तर एकदा विचारून बघा, आणि मला विपू करा. नावं तिथे सांगते.